लाल पट्ट्याच्या बोटभर वर

आमच्या पाऱ्यात, म्हंजे मोहल्ल्यात, पुराचा विमा निघून राह्यला होता, अन् अर्ध्याच्या वर पैसे सरकार भरणार होतं. आमचा पारा नाल्याच्या काठी, खोलगटात. मागच्या साली भर दुपारी नाल्याचं पाणी घरात घुसलं, माही पोट्टी चटईवर झोपली होती, उचलली तं पाठ ओलीचिंब. तवापासून ढग दिसला का मी पोट्टीले पलंगावर उचलून ठेवते. नवरा पंडरीच्या बाजारात कापडाच्या दुकानात आहे, त्याच्या मागं लागू लागू मी घराचं जोतं चार विटा उंच करून घेतलं.

मंग सर्वेवाला आला. लाइटीच्या खांबावर लाल पट्टा मारला. घराचं जोतं पट्ट्याच्या खाली असन तं घर धोक्याचं, तवाच सबसिडी. आमचं बोटभर वर निघालं.

"दीदी, आपका घर तो खतरे में नहीं है."

मी म्हटलं, "भैया, खतरा होता म्हणूनच तं उंच केलं!"

"हव, पर अब तो नहीं है ना. आठ दिन में फिर आऊंगा."

तो गेला तशी सासू म्हणे, "एक वीट काढून टाक ना वं, पट्ट्याच्या खाली जाईन, का बिघडते?" शेजारची काकू तं जोतं फोडाले लोखंडी सब्बल घेऊनच आली. मी पोट्टीले घेऊन उंबरठ्यावर बसली. म्हटलं, "फोडाचं असन तं आमच्यासकट फोडा."

"आठवी शिकली अन् सरकारच्या वर शहाणी!" सासू म्हणे.

आठ दिवसानं सर्वेवाल्यानं लिहून देल्लं, घर सुरक्षित, विम्यात सूट नाही. सूट नाही तं विमाच नाही, एवढे पैसे कोण भरते? सासू म्हणे, "जाय, हा कागद नाल्याले वाचून दाखव."

श्रावणात नाला चढला. गुडघाभर पाण्यातून काकूच पयले आली, विम्याचा कागद प्लास्टिकच्या पन्नीत गुंडाळून डोक्यावर.

"तुह्या आलमारीत ठेव वं, ओला झाला तं पैसे नाही भेटत."

"काहून? विमा तं तुमचा आहे."

"विमा आहे म्हणूनच तं!"

मंग सारा पाराच आला. कागद आलमारीत, पोट्टे पलंगावर, म्हातारे सैपाकघरात. ज्याचा त्याचा विमा होता, अन् सारे बसले बिनविम्याच्या घरात. सासू चहा मांडून सगळ्याइले सांगे, "जोतं आम्ही आधीच उंच केलं होतं."

पाणी तिसऱ्या विटेले लागलं.

"अजून चढलं तं वं?" काकूनं मले विचारलं, जसं काही नाला मीच सोडून राह्यली होती.

मले का मालूम? मी पोट्टीले खांद्यावर घट्ट धरलं अन् दारात उभी राह्यली. चौथी वीट अजून दिसून राह्यली होती.