यांच्या हातात बसणारी सरकपट्टी

सन दोन हजार तेवीस, महिना डिसेंबर, ऋतू हेमंत. घरात एखादी वस्तू दुरुस्तीला निघाली की तिच्याभोवती किस्से साचू लागतात; आणि ती वस्तू डोळ्यांना जेमतेम दिसणारी असेल, तर अधिकच! धाड गावातल्या आमच्या पुढच्या खोलीत त्या हिवाळ्यात तीनच माणसे बसत : मी, हे, आणि शेजारची सून नाझनीन. ती घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहिते.

यांनी तीस वर्षे एस.टी. चालवली. आता हातांना कंप आहे आणि कान फार जड झाले आहेत. आमची लेक मंदा अकोल्याला दिली होती. पंचवीस वर्षांपूर्वी ती वारली. तिची पत्रे मी यांना ड्यूटीवरून आल्यावर वाचून दाखवीत असे. यांनी स्वतः एकही वाचलेले नव्हते. त्या डिसेंबरात म्हणाले, "एकडाव मले सोताच्या डोळ्यानं वाचू दे."

"मी वाचते की," मी म्हटले.

"साऱ्या गल्लीले आयकू जाईन एवढ्या जोरानं? मंदाची पत्रं ओरडून वाचायची असतात काय!"

*

शाई फिकट झाली होती. म्हणून नाझनीनने सर्व पानांचे फोटो काढून, मोठे करून, एका टचस्क्रीनवर एकाखाली एक लावून दिले. बोटाने सरकवावे, तर यांचे थरथरते बोट त्या पडद्याला दहा बोटांसारखे वाटे. मंगळागौरीच्या पत्रावरून थेट बारशाच्या पत्रावर!

"पोरी, ब्रेक कुठं हाय याले?" हे ओरडले.

*

मग तिने कडेला उभी सरकपट्टी दिली आणि तीत धरून ओढायला एक ठोकळा. तो निघाला तिळाएवढा.

"मजकूर जेवढा लांब, तेवढा तो बारीक होते, काकू. नियमच हाय तसा."

हे त्यावर बोट नेत, तीळ निसटे. अखेर हात मांडीवर ठेवून म्हणाले, "राजूरच्या घाटातून भर पावसात पन्नास मानसं उतरवली म्या. अन् हा ठिपका धरता येत नाही!"



*

नाझनीनने ती पट्टी मुळापासून स्वतः लिहिली. ठोकळ्याची कड ओढली की तो हवा तेवढा जाड होई. सकाळी हात बरा असतो, दुपारनंतर बिघडतो. त्याप्रमाणे ज्याचे त्याने मोठे-लहान करावे. यांनी पहिल्याच दिवशी तो आगपेटीएवढा केला आणि दोन्ही हातांनी ओढू लागले.

मी चष्मा लावून पाहिले. "ठोकळ्याची डावीकडची रेघ उजवीपेक्षा जाड आहे."

"काकू, तो एक पिक्सेल हाय!"

"एक असो. सारखी कर."

तिने केली. जाताना म्हणाली, "आमच्या कंपनीत तुमच्यासारखा साहेब नाही, तेच बरं हाय!"

*

हे रोज एकच पत्र वाचीत. एकात मंदाने विचारले होते, "मी विणलेला स्वेटर बाबा घालतात ना?" हे उठले, पेटी उघडली, स्वेटर काढला. दिवसभर अंगात ठेवला. बाह्या आता घट्ट होतात.

*

एका दुपारी, हे निजलेले असताना, नाझनीन धावत आली.

"काकू, माहीच चूक झाली! ठोकळा जाड केला की त्याले खाली सरकायले जागा कमी राह्यते. ठोकळ्याची ती उंची मी हिशेबात धरलीच नाही. त्याच्यानं शेवटचं पत्र पडद्यावर येतच नाही. दोन ओळी बदलल्या की झालं!"

शेवटचे पत्र मंदाने मला एकटीला लिहिले होते. दुखणे सहा महिन्यांचे होते. बाबांना कळू देऊ नको, ते गाडी चालवतात, असे तिने लिहिले होते. मी कळू दिले नाही. पोर तापाने अचानक गेली, एवढेच यांना ठाऊक. नाझनीनला गठ्ठा देताना ते पत्र बाजूला काढायला मी विसरले. मी!

"राहू दे ती चूक," मी म्हटले.

"काऊन? एक पिक्सेल चालत नाही तुम्हाले!"

"ही चालते."

ते पत्रच काढून टाक, असे मात्र सांगता आले नाही. पोरीचे अखेरचे अक्षर पुसायला मी कोणत्या तोंडाने सांगणार?

*

जानेवारीतली ती सकाळ. यांचा हात त्या दिवशी विलक्षण स्थिर होता. मी चहा घेऊन आले तेव्हा ठोकळा पुन्हा तिळाएवढा केलेला, पट्टीच्या अगदी तळाशी. पडद्यावर शेवटच्या पत्राचे शेवटचे पान. दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून हे बसले होते.

माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सहा महिने तू कोनापाशी रडली, मंदाची माय?"

चहा तसाच निवला.

दुपारी नाझनीन आली. हे तिला म्हणाले, "पोरी, ठोकळा जाड असला की शेवटचं पत्र येत नाही. तेवढं दुरुस्त कर. संध्याकाळी माहा हात चालत नाही, अन् ते पत्र मले संध्याकाळीबी लागते."