सतरा सह्यांचा चेंडू

बेसबॉलच्या जुन्या वस्तूंचा संग्रह करायचा असं मी ठरवलं, तेव्हा बेसबॉलच्या एका संघात किती खेळाडू असतात हे मला माहीत नव्हतं. (नऊ असतात. हे मला पुढे नको त्या वेळी कळलं.)

खेळाची आवड वगैरे काही नव्हती. कारण होतं शुद्ध जळफळाट, आणि तोही आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या बहात्तर वर्षांच्या एका सज्जन बाईंवर.

तेव्हा आम्ही जपानात, फुनाबोरीला राहत होतो. मुंबईच्या एका बँकेने मला तोक्योच्या शाखेत चार वर्षांसाठी पाठवलं होतं. माझा नवरा नितीन इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला होता आणि आमची मुक्ता जवळच्या जपानी शाळेत तिसरीत होती. शाळा तीनला सुटायची, मी घरी पोचायचे साडेसहाला. मधला वेळ मुक्ता खाली त्या बाईंकडे, म्हणजे मोरिता-सानकडे असायची. (सान म्हणजे आपलं 'बाई'.) मोरिता-सान एकट्याच राहायच्या. त्यांनी आपणहूनच विचारलं होतं, आणि मी पैसे देऊ केले तेव्हा इतक्या वेळा वाकून नकार दिला की उत्तरादाखल वाकता वाकता माझ्या कंबरेत उसण भरली.

त्यांच्या घरी बेसबॉलचा खजिना होता. जुनी तिकिटं, सामन्यांचे कार्यक्रम, खेळाडूंचे चेहरे छापलेले पुठ्ठ्याचे गोल पत्ते, सह्या केलेले चेंडू, आणि वर्षानुवर्षं हाताने लिहिलेल्या धावसंख्येच्या वह्या. आम्ही यायच्या वर्षभर आधी तो मोठा भूकंप झाला, त्यात त्यांचं काचेचं कपाट आडवं झालं होतं. काचा गेल्या, वस्तू वाचल्या, आणि तेव्हापासून सगळं संत्र्यांच्या खोक्यांत भरून पडलं होतं. मुक्ताने एक दिवस एका खोक्याचं झाकण उघडलं आणि माझ्या वाईट दिवसांना सुरुवात झाली.

रोज जेवताना मोरिता-सान. मोरिता-सान म्हणाल्या हा चेंडू असा पकडतात. मोरिता-सान म्हणाल्या या सामन्यात नवाऐवजी बारा डाव झाले होते. मी ऑफिसातली एखादी गंमत सांगायला लागले की मुक्ता शांतपणे ऐकून घ्यायची आणि मग, पाहुण्यांचं बोलणं संपल्यावर मूळ विषयाकडे वळावं तशी, मोरिता-सानकडे वळायची. तिचा दात पडला तोही खालीच पडला. मला संध्याकाळी तो कागदात गुंडाळलेला दाखवण्यात आला, आणि दात पडताना मोरिता-साननी काय काय केलं याचं सविस्तर वर्णन ऐकावं लागलं. नऊ महिने पोटात मी वागवलं होतं हिला, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

"मीही संग्रह करणार आहे," मी नितीनला सांगितलं.

"कशाचा?"

"बेसबॉलचा. जुन्या वस्तूंचा."

नितीनने लॅपटॉप मिटला. त्याने फक्त एवढंच विचारलं, की लग्नाला बारा वर्षं झाली, तो एलबीडब्ल्यू म्हणजे काय हे दर वर्ल्ड कपला मला पहिल्यापासून सांगतो, ते मला आठवतंय का. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

प्रश्न बजेटचा होता. अर्धा पगार घरभाड्यात जायचा आणि उरलेल्यातून ठाण्याच्या फ्लॅटचे हप्ते. मग मी ऑफिसजवळचं दुपारचं जेवण बंद करून डबा न्यायला लागले आणि वाचलेल्या पैशांचं एक पाकीट केलं. ते घेऊन एका शनिवारी बेसबॉलच्या जुन्या वस्तूंच्या शहरातल्या एका नावाजलेल्या दुकानात गेले. तिथे सगळं कुलपात होतं. दुकानदार म्हातारे गृहस्थ, पांढरे हातमोजे घातलेले. माझं बजेट ऐकून त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी अत्यंत आदराने मला दुकानाचं कॅटलॉग दाखवलं. ते विकत घ्यायचं होतं, आणि तेही बजेटच्या बाहेर होतं.

माणूस मात्र भला. त्यांनी मला सावकाश, हातवारे करून समजावलं, की सुरुवात करणाऱ्याने एकच संघ धरावा, एकच दशक धरावं, तिकिटांचे तुकडे आणि कार्यक्रमपत्रिका घ्याव्यात, त्या स्वस्त असतात. आणि सह्यांच्या वाटेला जाऊ नये, कारण सही कोणाची हे नवख्याला कळत नाही. मी त्यांचे मनापासून आभार मानले, आणि तिथून निघाले ती थेट सह्यांच्याच वाटेला लागले. तिकिटांचे तुकडे दाखवून कोणाची मुलगी परत मिळाली आहे?

माझी पहिली खरेदी म्हणजे देवळाच्या आवारातल्या जुन्या बाजारातून आणलेला एक निळा त्रिकोणी झेंडा. जरीच्या झालरीचा, वर डोंगर आणि मोठी मोठी अक्षरं. मुक्ताने तो वाचला आणि म्हणाली की हा एका गरम पाण्याच्या झऱ्याचा आहे, लोक सहलीला जातात तिथून आणतात. दुसरी खरेदी चामड्याचा हातमोजा. त्याला असा काही वास होता की आठवडाभर तो बाल्कनीतच राहिला, आणि शेजारच्या बाईंनी आपले वाळत घातलेले कपडे आत घेतले. मुक्ताने तो नाक धरून उलटसुलट पाहिला. "आई, हा सॉफ्टबॉलचा आहे," ती म्हणाली, आणि मग माझा चेहरा बघून म्हणाली, "पण छान आहे." तिचं ते 'पण छान आहे' मला सॉफ्टबॉलपेक्षा जास्त लागलं. तिच्या वर्गातल्या कोणी भिकार चित्र काढलं की ती असंच बोलायची.

आणि मग मला तो चेंडू मिळाला.

स्टेशनच्या पलीकडे एक वापरलेल्या वस्तूंचं दुकान होतं. तिथल्या मोडक्या खेळण्यांच्या टोपलीत तो पडला होता. पिवळट पडलेला, आणि सगळीकडून शाईच्या सह्यांनी भरलेला. टोपलीतलं काहीही एकाच, अगदी किरकोळ किमतीत. दुकानदाराला संशय येऊ नये म्हणून मी चेंडूबरोबर एक गाळणंही घेतलं. घरी येऊन सह्या मोजल्या. सतरा.

"सतरा कशा?" नितीन म्हणाला. "संघात नऊच असतात."

"राखीव असतील," मी म्हणाले.

मला जपानी कामापुरतं यायचं. 'इथे शिक्का मारावा' हे मी न अडखळता म्हणू शकत होते. पण हाताने खरडलेली ती अक्षरं वाचणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं, आणि मुक्ताला ती दाखवायची मला घाई नव्हती. मला ती दोघींसमोर एकदम दाखवायची होती. मोरिता-सानच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मला बघायचा होता. हे लिहायलाही लाज वाटते, पण त्या आठवड्यात मी लोकलमध्ये उभ्या उभ्या त्या प्रसंगाची तालीम करत होते. मी विनम्र असणार होते. 'अहो, सहज मिळाला,' असं म्हणणार होते.

रविवारी मोरिता-सानना चहाला बोलावलं. त्या कडक इस्त्रीचा ब्लाऊज घालून, मोची, म्हणजे तांदळाच्या पिठाचे मऊ गोड गोळे, घेऊन आल्या. मी पोहे केले होते. खाणं झाल्यावर मी चेंडू आणला, चांदीच्या वाटीत ठेवून. (वाटी मुक्ताच्या बारशाची.) मोरिता-सान चकित झाल्या. त्यांनी हात पुसले, पर्समधून चष्मा काढला, चेंडू दोन्ही हातांत घेतला आणि फिरवत फिरवत वाचायला लागल्या. थोडं वाचून झाल्यावर थांबल्या. माझ्याकडे बघितलं. मी विनम्र हसले.

"मोठ्याने वाचा ना," मी मुक्ताकरवी सांगितलं.

त्यांनी वाचलं आणि मुक्ताने मराठी केलं.

"साइतो-काचो, इतकी वर्षं खूप कष्ट घेतलेत."

काचो म्हणजे काय हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. काचो म्हणजे विभागप्रमुख. माझ्याच ऑफिसात दोन आहेत.

"गुडघ्याची काळजी घ्या," मुक्ता पुढे म्हणाली. "आता तुमच्याशिवाय फोटोकॉपीचं मशीन कोण चालू करणार. इथे कोणीतरी म्हटलंय, हिशेब विभाग तुम्हाला विसरणार नाही. आणि इथे नुसतं लिहिलंय, गोल्फ."

नितीन उठून स्वयंपाकघरात गेला आणि त्याने नळ सोडला. नळाच्या आवाजातूनही त्याचं हसणं ऐकू येत होतं.

मोरिता-सान मात्र हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चेंडू अलगद वाटीत ठेवला, चष्मा काढला आणि खाली बघत बराच वेळ काहीतरी बोलत राहिल्या. त्यातलं मला 'यजमान' आणि 'भूकंप' एवढंच समजलं. मुक्ताने सगळं ऐकून घेतलं आणि वर्गात धडा वाचून दाखवावा तसं, कुठेही न थांबता सांगितलं.

त्या वस्तू मोरिता-सानच्या नव्हत्याच. त्यांच्या यजमानांच्या होत्या. ते वारले त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. मोरिता-सानना बेसबॉलमधलं काहीही कळत नव्हतं. लग्न झाल्यापासून त्या खेळावर त्यांचा रागच होता, कारण यजमान सुट्टीच्या दिवशी कधी घरी नसायचे. कपाट पडलं तेव्हा सगळं एकदाचं देऊन टाकायचं त्यांनी ठरवलं होतं. पण मग मुक्ताने खोकं उघडलं आणि प्रश्न विचारायला लागली. तेव्हापासून त्या रोज सकाळी यजमानांच्या वह्या काढून अभ्यास करत होत्या, मुक्ताला दुपारी सांगायला काहीतरी हवं म्हणून. नाहीतर ती यायची कशाला?

मोरिता-सान आणखी काहीतरी म्हणाल्या आणि या वेळी मुक्ता जरा अडखळली.

"त्या म्हणतात, साडेसहाला तू बेल वाजवलीस की मी बूटसुद्धा नीट न घालता पळते. तेव्हा त्यांना तुझा... राग नाही. ते दुसरं. तू त्यांच्याबद्दल करतेस ते."

"मी काय करते?"

"बाबा म्हणतो ना. जळतेस."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"हे तू त्यांना सांगितलंस?" मी विचारलं.

"हो," मुक्ता म्हणाली. "मागच्याच वर्षी."

म्हणजे मी रोज साडेसहाला त्यांच्या दारात उभी राहून जे गोड गोड हसत होते, ते सगळं कळून त्या माझ्याकडे बघत होत्या. मी वर बघितलं. मोरिता-सानचे कान लाल झाले होते. माझे कसे झाले होते ते मला दिसत नव्हतं, पण गरम होते. मग आम्ही दोघींनी एकाच वेळी वाकून माफी मागितली आणि आमची डोकी चहाच्या टेबलाच्या मधोमध एकमेकांवर आपटली. ती आवाजासकट आपटली. आधी त्या हसल्या, मग मी.

त्या दिवसापासून माझा आणि त्यांचा संग्रह एक झाला. शनिवारी आम्ही दोघी मिळून जुन्या बाजारात जायला लागलो. तिकिटांचे तुकडे आणि कार्यक्रमपत्रिका घ्यायचो, पाकिटात असेल तेवढ्यातच. दोघींना खेळ कळत नसल्यामुळे आमच्यात कधी मतभेद झाला नाही. महिन्याभराने नवीन कपाट आलं, भिंतीला पट्ट्यांनी घट्ट बांधलं, आणि एका रविवारी आम्ही सगळं मांडून मुक्ताला हाक मारली.

मुक्ता आली, बघितलं, छान आहे म्हणाली आणि निघाली. दुसऱ्या मजल्यावर एक नवीन कुटुंब राहायला आलं होतं. त्यांच्याकडे पियानो होता आणि त्या घरची बाई, मुक्ताच्या म्हणण्याप्रमाणे, फार फार छान होती. रोज जेवताना आता तीच.

चार दिवसांनी मोरिता-सान दारात आल्या. जुना पियानो साधारण कितीला मिळतो, असं त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. मी म्हटलं, पियानो काही आपल्याला झेपणार नाही, पण स्टेशनपलीकडच्या दुकानात मी एक पेटी बघून ठेवली आहे. तिच्या तीन पट्ट्या वाजत नाहीत, पण त्या कुठल्या, हे आपल्या दोघींपैकी कोणालाच कळणार नाही.