मंगरूळपीरची विलायती माशी

एकाच कचेरीत वर्षं काढली की किस्से साठत जातात. आमची कचेरी तर मंगरूळपीरची, तीही पिकांवरच्या किड्यांची. मग काय विचारता!

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. रानभर माजलेल्या घाणेरीच्या झुडपांचा बंदोबस्त करायला सरकारनं दक्षिणेत एक बारीक काळी माशी समुद्रापलीकडून आणून सोडली होती. तिच्या अळ्या घाणेरीची फळं पोखरतात. ती आपल्याकडंही पोचली असणार, असं आमच्या मराठे साहेबांना वाटे. वरून मात्र तंबी आलेली: काहीतरी शोधून दाखवा, नाहीतर कचेरी बंद. साहेबांना दुसरी कचेरी मिळाली असती. आम्ही घरी बसलो असतो.

*

विलायती माशी हवी, ही बातमी गावोगाव गेली. किन्हीराजा गावचा गणपत बाटलीत एक गलेलठ्ठ माशी घेऊन हजर! साहेबांनी भिंगातून पाहिलं आणि ही साधी घरमाशी असल्याचं सांगितलं. गणपतला पटेना.

"साधी कशी, सायब? गोऱ्या सायबाच्या तंबूतून आणली. मुरंब्यावर बसून राह्यली होती!"

*

साहेब घरी जेवतानाही भिंग जवळ ठेवत. एकदा वरणात माशी पडली. वहिनी वाटी उचलायला धावल्या, तर साहेबांनी त्यांना थांबवलं, माशी चमच्यात घेऊन निरखली आणि "छे, ही आपलीच," म्हणून जेवायला लागले. वहिनी दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

*

घाणेरीची फळं बरणीत घालून, तिच्या तोंडाला मलमल बांधून आम्ही आतून माशी निघण्याची वाट पाहत होतो. राखणीला शिपाई करीमचाचा. एका दुपारी त्यांना मुक्या जिवांची कीव आली.

"उकाडा किती, सायब! फडकं जरा सैल केलं. निघाली न तुमची माशी, खिडकीतून गेली बी."

साहेब डोकं धरून बसले, पण चाचांवर रागावणं त्यांना कधी जमलंच नाही.

*

शेवटी शेतातच घर असलेल्या नजमाबीच्या धुऱ्यावर, बांधावरच्या घाणेरीत, माशी सापडली. दुसरीकडं कुठंही नाही. साहेबांनी वरच्या अधिकाऱ्यांना पाहायला बोलावलं, आणि मोठे साहेब येणार असल्याचा निरोप आदल्या दिवशी नजमाबीला दिला.

सकाळी आम्ही पोचलो तर धुरा स्वच्छ! एक झुडूप नाही. सडा घातलेला, बाजेवर नवी चादर. मराठे साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. नजमाबीनं सरबत पुढं केलं.

"मेहमान येनार अन् दारात घानेरी? रातभर तोडली. एक माशी ठेवली नाही, सायब."

मोठे साहेब खो खो हसले. तोडलेलं कुठं टाकलं, ते विचारू लागले. नजमाबी दाखवायला तयार होईना. पाहुण्याला कचरा दाखवतात का? शेवटी नाइलाजानं गोठ्यामागचा ढीग दाखवला. मोठ्या साहेबांनी फळं फोडली, भिंग लावलं. बराच वेळ पाहून त्यांनी मराठे साहेबांच्या पाठीवर थाप मारली. आत अळ्या होत्या, त्याच माशीच्या. कचेरी वाचली. करीमचाचांनी तर डोळेच पुसले.

नजमाबी मात्र खाली मान घालून उभी. मराठे साहेबांना बाजूला घेऊन हळूच म्हणाली,

"माफ करा, सायब. परवा सांगतलं असतं तं ढीग बी जाळून टाकला असता."