दत्तात्रेय कंडक्टर आणि राहीचा उपास

दत्तात्रेय शिगवण एसटीत कंडक्टर लागला, त्याच वर्षी भातकापणीत त्याच्या बायकोच्या हातातून विळा गळून पडला.

पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. सासूला, सोनाबाईला, तर वाटलं की नवऱ्याला पगार सुरू झाला आणि सुनेला शेत नकोसं झालं. पण मग राहीची बोटं रोज सकाळी सुजून लाल व्हायला लागली. उठल्या उठल्या तिला मूठ वळता येईना. लुगडं पिळायचं तर लहानग्या केसरला, लेकीला, हाक मारायची. पेजेची वाटी दोन मनगटांत धरून तोंडाला लावायची. ऊन वर आलं की बोटं जराशी सैल होत, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. वर्षभरात गुडघेही धरले. भाकरी थापायचं काम सोनाबाईकडे गेलं, आणि तिची कुरकुर बंद झाली. तिलाही दिसत होतं.

दत्तात्रेयची गाडी माणगाव ते श्रीवर्धन. माणूस बोलका. तिकीट फाडता फाडता तो याचं त्याचं विचारायचा, आपलंही सांगायचा. बायकोचे सांधे धरलेत असं एकदा गाडीत बोलून गेला, आणि त्या दिवसापासून गाडीत उपायांची रीघच लागली. कुणी निर्गुडीचा पाला आणून दिला, कुणी मंतरलेलं तांब्याचं कडं. मुरुडकडच्या एका कोळणीनं मुशी माशाच्या काळजाचं तेल बाटलीत भरून दिलं. "माज्या सासऱ्याला उठून बसवलं यानं," ती म्हणाली. दत्तात्रेयच्या मुंबईच्या गिरणीतल्या भावानं शक्तीच्या औषधाची तांबडी बाटली पाठवली. राही सगळं घेत होती. तेलाच्या वासानं तिला ओकारी यायची, तरी नाक दाबून घेत होती.

थंडीत तिला खरंच उतार पडला. कोळीण म्हणाली तेलाचा गुण, सोनाबाई म्हणाली कड्याचा. पुढच्या लावणीला दुखणं दुप्पट होऊन परत आलं, तेव्हा मात्र कुणी काही म्हणालं नाही.

मग दत्तात्रेय तिला माणगावच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर घाटावरचे, वयानं तरुण. त्यांनी बोटं दाबून पाहिली, गोळ्या दिल्या, सकाळी गरम पाण्यात हात बुडवून बोटं हलवायला सांगितली आणि म्हणाले, "हे दुखणं मुळातून काढील असं औषध माझ्याकडे नाही."

"आन् ते तेल, साहेब? थंडीत बरं वाटलं व्हतं."

"थंडीत आणखी काय काय चालू होतं?"

दत्तात्रेयनं सगळं सांगितलं.

"मग गुण यातल्या कशाचा म्हणायचा? कदाचित कशाचाच नसेल. हे दुखणं आपणहून चढतं, आपणहून उतरतं. उतरताना जे हाताशी असेल त्याचं नाव होतं."

दत्तात्रेयला हे बोलणं आवडलं नाही. डॉक्टरकडे जायचं ते बरं व्हायला, आणि हा माणूस हात वर करून मोकळा. गोळ्यांनी ठणका कमी झाला, पण राहीच्या पोटात आग पडायला लागली. तिनं गोळ्या सोडल्या. गरम पाण्याचं तर दोघांनीही मनावर घेतलं नाही. पाण्यानं काय होणार?

त्याच सुमारास गाडीत रावजी गुरुजींचं नाव वारंवार ऐकू यायला लागलं. हरिहरेश्वराच्या वाटेवर सुपारीच्या बागेत हे निवृत्त मास्तर लोकांना ठेवून घ्यायचे. औषध काही नाही. उपास, लिंबू-मधाचं पाणी, पोटावर ओल्या मातीची पट्टी, सकाळचं ऊन आणि गरम वाळूत पाय. परतीच्या गाडीत बसणारी माणसं हसतमुख असायची. एक म्हातारा तर दारात काठी उंच धरून म्हणाला, "कंडक्टर, ही आता कुत्री हाकलायला." सगळी गाडी हसली. दत्तात्रेयनं रजा टाकली आणि राहीला तिकडे पोचवलं.

आठवड्याभरात श्रीवर्धनच्या मुक्कामी गाडीवर त्याची पाळी आली. सकाळी तो वाट वाकडी करून बागेत गेला. राही विहिरीपाशी बसली होती. केस मोकळे, आणि ती स्वतःच्या हातानं ते विंचरत होती. त्याला बघताच तिनं फणी खाली ठेवली, हात पुढे केला आणि बोटं आत वळवली. पुरती मूठ वळली.

"बघा," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

गाडीची वेळ झाली होती, तरी दत्तात्रेय उभाच राहिला.

त्यानंतर गुरुजींचं नाव त्याच्याइतकं कुणी घेतलं नसेल. सांधे धरलेला माणूस गाडीत दिसला की तो राहीची मूठ कशी वळली ते सांगायचा. म्हसळ्याच्या अलीकडे चढणारी नीराबाई आणि तिचा नवरा नामा यांना तर त्यानं स्वतः बागेची वाट दाखवली.

राही घरी आली. आमटी-भात जेवायला लागली, आणि चार दिवसांत बोटं पुन्हा धरली. ती परत बागेत गेली. गुरुजी हळहळले. "पथ्य कुठंतरी मोडलं, बाई," म्हणाले. पुन्हा उपास, पुन्हा मूठ मोकळी. घरी आल्यावर पुन्हा तेच. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी ती गेलीच नाही. उपास तिनं घरीच सुरू केला, कुणाला न सांगता. ताटातला भात ती केसरच्या ताटात सारायची आणि वर पाणी प्यायची. काम पुन्हा करायला लागली म्हणून सोनाबाई खूश होती. दत्तात्रेयच्या लक्षात आलं ते तिच्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या तेव्हा. मग एक दिवस ती पाणवठ्यावर चक्कर येऊन पडली.

त्या दिवशी गाडीत गुरुजींची वाखाणणी चालली होती. दत्तात्रेय ऐकत होता, आणि त्याच्या मनात आलं, बागेतून परतताना जी माणसं बोलतात ती आपल्याला भेटतात. बाकीची कुठं जातात? नीराबाई कधीपासून गाडीत दिसली नव्हती.

सुटीच्या दिवशी तो तिच्या गावात उतरला. नामा कुंपण बांधत होता. त्यानं आत बोट दाखवलं. नीराबाई वाकळेवर निजली होती. आधी अंगानं चांगली भरलेली बाई, आता गालफडं बसलेली, पाय सुजलेले.

"आलात व्हय, भाऊ," ती म्हणाली. "बागेत लई बरं वाटलं वो. घरी आले का परत धरायचं. मंग मी खाणंच कमी केलं. आता उठवत न्हाय."

"गुरुजींना सांगितलंस?"

"त्यांना काय सांगू? त्यांचा काय दोस? माजंच पथ्य चुकलं असंल."

दत्तात्रेयला तेव्हा उमगलं. बरं झालं की श्रेय बागेचं, आणि नाही झालं की चूक आपली. मग गाडीत येऊन सांगणार कोण? त्यानं आणखी दोन-तीन घरं शोधली. एकजण खरोखर बरा होता, शेतात नांगर धरत होता. बाकीच्यांचं दुखणं होतं तिथंच होतं, आणि आपलंच काहीतरी चुकलं असं समजून ते गप्प होते.

तो गुरुजींकडे गेला. "गुरुजी, हितून गेल्यावर मानसं कशी ऱ्हातात, ते कुनी बघून येतं का?"

"बघायचं काय त्यात? बरे होतात ते येतात, सांगतात, नारळ ठेवतात."

"आन् जी येत न्हाईत ती?"

"ती बरी असतील. नाहीतर पथ्य मोडलं असेल."

गुरुजी खोटं बोलत नव्हते. त्यांचं स्वतःचं पोट याच पाण्यानं आणि याच उपासानं सुधारलं होतं. नीराबाईचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला, पण त्यांनी पुन्हा पथ्याचंच विचारलं. दत्तात्रेयला त्यांचा राग येईना, आणि राग येत नाही याचंच त्याला वाईट वाटत राहिलं.

घरी येऊन त्यानं राहीपुढे ताट ठेवलं. "जेव."

"जेवले मी."

"मी बघितलंय, राही." मग त्यानं नीराबाईचं सगळं सांगितलं.

राहीनं ऐकून घेतलं. "तुमी चार घरं हिंडून आलात," ती म्हणाली, "मला इचारलंत? उपास केला का माजी मूठ वळते. जेवले का न्हाय वळत. हे खोटं हाय का?"

"खोटं न्हाय."

"मंग?"

"मंग तू मरशील."

"तशी तरी काय जगते मी? दुसऱ्यानं येणी घालायची, दुसऱ्यानं घास भरवायचा."

केसर केर काढत होती, ती थांबली. ताट तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर ओरडतील, असं दोघांनाही वाटलं होतं. दत्तात्रेयनं उपासाचं सगळं सांगितलं, पण डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. राहीलाच विचारलं, "उपासात बोटं सुटतात?"

"व्हय."

"आणि जेवल्यावर?"

"चार दिसांत धरतात."

"खरं आहे. आणखी एकदोघींनी मला हेच सांगितलंय."

राहीनं मान वर केली. तिचं म्हणणं आजवर असं सरळ कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

"पण बाई, ते बरं होणं नव्हे. अन्न बंद आहे तोवर दुखणं दबून बसतं, एवढंच. आणि तुमच्या अंगात आता रक्त उरलेलं नाही."

"मंग कोनचं अन्न बाधतं ते सांगा. तेवढंच सोडते."

"ते मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "पोटभर जेवा आणि एका वेळी एकच जिन्नस सोडून बघा. फरक पडला नाही तर पुन्हा सुरू करा. आणि गरम पाणी मी मागेच सांगितलं होतं."

राहीनं तसं करून पाहिलं. मासळी सोडली, फरक नाही. डाळ सोडली, आंबट सोडलं, फरक नाही. तेलाची बाटली बंद केली, त्यानंही काही वाढलं नाही की कमी झालं नाही. गरम पाण्यात हात बुडवून बोटं हलवली की सकाळचा ताठरपणा थोडा लवकर सुटायचा. एवढं एकच हाती लागलं. बागेतल्या त्या मुठीपुढे ते फारच थोडं होतं, आणि ते थोडं आहे हे राही बोलून दाखवायची. अंगावर मांस आलं, चक्कर थांबली. बोटं मात्र वर्षागणिक बाहेरच्या बाजूला वाकत गेली.

नीराबाई पुढच्या शिमग्याआधी गेली. दत्तात्रेयनं गाडीत उपाय सांगणं सोडलं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "बरा झाला त्याला इचारलंत, चांगलं केलंत. आता न झालेल्यालाबी जाऊन इचारा." लोकांना वाटायचं, हा माणूस आता तुसडा झाला.

काही वर्षांनी केसरचं लग्न ठरलं. हळदीच्या चार दिवस आधी राहीनं जेवण सोडलं. दत्तात्रेयच्या ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं. तो तिच्यापाशी जाऊन बसला.

"केसरला हळद मी लावनार," ती म्हणाली. "माज्या हातानं. मंग जेवीन."

"वचन दे."

"दिलं."

त्याला नीराबाईची वाकळ दिसत होती, आणि विहिरीपाशी वळलेली ती मूठही. तो उठला, लिंबू पिळून पाणी केलं आणि तांब्या तिच्याजवळ ठेवला. सोनाबाईनं विचारलं तेव्हा त्यानं सुनेला पित्त झालंय असं सांगितलं.

वाकडी बोटं सरळ झाली नाहीत, पण सूज उतरली. राहीनं वाटीतली हळद घेतली आणि लेकीच्या गालाला, हातांना, पायांना लावली. घाई केली नाही. बायका गाणी म्हणत होत्या. दत्तात्रेय मांडवाच्या खांबाला धरून बघत होता, आणि त्याला तिच्या मनगटाची हाडं दिसत होती.

वरात गेल्यावर ती वचनाप्रमाणे जेवली. आठवड्यात दुखणं असं उसळलं की तिला कूसही बदलता येईना. रोज ड्युटीवर जायच्या आधी तो चुलीवर पाणी तापवून तिच्यापुढे ठेवायचा, तिचे हात मनगटाशी धरून त्यात सोडायचा, आणि एकेक बोट हलवत बसायचा.