बर्फ राहील का, असं त्यांनी विचारलं होतं

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, जपानमधल्या उरायासु शहरातल्या आमच्या इमारतीतल्या टपालपेटीत राखाडी किनारीचं एक कार्ड आलं. ज्या घरात त्या वर्षी कोणी गेलेलं असतं, ते घर इथे नव्या वर्षाचं शुभेच्छापत्र, नेंगाजो, पाठवत नाही, आणि तसं आधीच कळवायची पद्धत आहे. माझी नऊ वर्षांची लेक सई माझ्यापेक्षा भराभर जपानी वाचते. बूट काढता काढता तिने ते वाचलं आणि म्हणाली, "आई, ओनोदेरा कोण? त्यांच्याकडचे आजोबा नोव्हेंबरमध्ये वारले. म्हणून या वर्षी त्यांचं नेंगाजो येणार नाही." मी म्हटलं, "ते तसंही येत नव्हतं." सहा वर्षं मी दर नव्या वर्षाला त्यांना कार्ड पाठवत होते. एकाचंही उत्तर आलं नव्हतं... आणि का आलं नाही, ते मला ठाऊक होतं.

२०११च्या भूकंप-त्सुनामीनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात मी पुण्याहून सेंदाईला पीएचडीसाठी आले. विषय होता डोंगरउतारावर बर्फ कसा साठतो आणि कसा टिकतो. बर्फ मी तोवर शिमल्याच्या सहलीत एकदाच पाहिला होता. आमच्या सेन्सेईंनी, म्हणजे माझ्या प्राध्यापकांनी, मला बसने दोन तासांवरच्या डोंगरातल्या एका गावी पाठवलं आणि तिथे ओनोदेरा-सानच्या छोट्या निवासात माझी सोय केली. गावाचं नाव लिहीत नाही. त्या गावाबद्दल बरंच छापून आलं आहे, आणि त्यातलं बहुतेक त्यांना आवडलं नव्हतं.

ओनोदेरा-सान तेव्हा साठीचे होते. बुटके, रुंद खांद्यांचे, तरुणपणी लांब पल्ल्याच्या स्की शर्यती धावलेले. त्सुनामीनंतर किनाऱ्यावरून आलेली चार कुटुंबं त्यांनी आठ महिने स्वतःच्या घरात ठेवून घेतली होती. ते स्वतः याबद्दल कधी बोलले नाहीत, मला त्यांच्या मुलीने सांगितलं. मला मात्र ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "मेधा-सान, तू चालतेस तशी बर्फात माणसं पडतात," आणि अंगणात नेऊन पाय कसा टाकायचा ते शिकवलं. तीन हिवाळे ते माझ्याबरोबर उतारावर आले. मी बर्फात खड्डा खणून थर मोजायची, ते शेजारी उभे राहून वारा कुठून येतो ते सांगायचे. माझ्या प्रबंधात जे बरं आहे, त्यातलं अर्धं त्यांच्या तोंडचं आहे.

त्याच काळात गावात एका मोठ्या जागतिक हिवाळी क्रीडास्पर्धेची बातमी आली. उत्तरेकडचा भाग पुन्हा उभा राहिला आहे हे जगाला दिसावं, म्हणून लांब पल्ल्याच्या स्की शर्यती आपल्याकडे व्हाव्यात, असं तिथल्या अधिकाऱ्यांचं म्हणणं. ओनोदेरा-सानना प्रथम ते अजिबात पटलं नाही. जेवताना म्हणाले, "किनाऱ्यावरची माणसं अजून पत्र्याच्या खोल्यांत राहताहेत. उभं कोण राहिलंय?" पण त्या वसंतात गावची शाळा बंद झाली. शेवटच्या वर्गात पाच मुलं होती. समारंभाला ते गेले, आणि परत आले ते वेगळेच होऊन. त्यानंतर आलेल्या अधिकाऱ्याला त्यांनी स्वतः चहा करून दिला आणि दोन तास ऐकून घेतलं. स्पर्धा झाली तर तरुण माणसं परत येतील, निवास भरतील, शाळा उघडेल... त्यांनी ते खरं मानलं. एकदा खरं मानल्यावर त्यांच्या अंगात जणू वीस वर्षांचा शर्यतवाला शिरला. गावातल्या प्रत्येक दारात जाऊन ते लोकांना पटवायला लागले.

एक दार काही केल्या उघडेना. कुदो-सान नावाची सत्तरीची विधवा गावाच्या वरच्या टोकाला एकटी राहायची. शर्यतीचा मार्ग जिथून न्यायचा होता, तो बुना नावाच्या जुन्या झाडांचा उतार तिच्या मालकीचा होता. त्या झाडांखालून येणाऱ्या झऱ्यावर तिची भाताची दोन खाचरं होती. तिचा नकार ठाम होता. ओनोदेरा-सान तिच्या नवऱ्याचे लहानपणापासूनचे मित्र. ते पंधरा-वीस वेळा तिच्याकडे गेले असतील.

तिच्याकडे शेवटचं जाण्याच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्यासमोर येऊन बसले. मी माझे आकडे लिहीत होते. म्हणाले, "तू तीन वर्षं मोजलंस. उद्या मी तिला शब्द देणार आहे, झाडं फुकट जाणार नाहीत असा. सांग, बर्फ राहील का?"

मला उत्तर माहीत होतं. माझे आकडे अगदी स्पष्ट होते. बर्फ त्या उतारावर राहतो तो झाडांमुळे. जिथे झाडं नव्हती, तिथे वारा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जमीन उघडी करत होता. म्हणजे मार्गासाठी झाडं काढली की बर्फही जाणार होता. हे मी सेन्सेईंना लिहून दिलं होतं. त्यांनी स्पर्धेच्या समितीला पाठवायच्या अहवालातून ते पान काढलं. "तुझी निरीक्षणं तीनच वर्षांची आहेत. घाईने निष्कर्ष नकोत," असं ते शांतपणे म्हणाले होते. उतारावर सध्या पुरेसा बर्फ आहे, एवढंच अहवालात राहिलं, आणि ते खोटं नव्हतं. माझ्या प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती. त्या सहीवर माझी पुढची नोकरी, माझा व्हिसा, सगळं उभं होतं. मी ओनोदेरा-सानना म्हटलं, "सेन्सेईंचा अहवाल येईल ना, त्यात सगळं असेल."

ते खूश झाले. शास्त्रज्ञ सावधपणे बोलतात, हे त्यांनी इतक्या वर्षांत ओळखलं होतं. माझ्या त्या वाक्याचा अर्थ त्यांनी "हो" असा घेतला, आणि ते तसा घेताहेत हे मला समोर दिसत होतं. दुसऱ्या दिवशी कुदो-सानने संमतीच्या कागदावर सहीचा शिक्का उमटवला.

झाडं शरद ऋतूत तोडली. मी तेव्हा मुद्दाम गेले नाही. सई पोटात होती, ते निमित्त पुरलं. पुढे त्याच प्रयोगशाळेत मला काही वर्षांची नोकरी मिळाली. मधले हिवाळे भरपूर बर्फाचे गेले. झाडं तोडल्यावर तीन वर्षांनी, मुख्य स्पर्धेच्या आदल्या हिवाळ्यात, तिथे सरावाची शर्यत ठेवली होती. फेब्रुवारीत तो उतार पार तपकिरी झाला होता. यंत्रांनी बर्फ टाकून पाहिला, तोही वाऱ्याने आणि पावसाने नेला. महिन्याभरात शर्यती दुसऱ्या डोंगरावर हलवल्याचं जाहीर झालं. गावाला आभाराचं एक पत्र आलं. वसंतात बर्फ वितळला तेव्हा मोकळ्या उतारावरची माती घसरून झऱ्यात आली, आणि कुदो-सानची खाचरं चिखलाने भरून गेली.

मग मी गेले. निवासात एकही पाहुणा नव्हता. भिंतीवर पूर्वी स्पर्धेचं मोठं चित्र लावलेलं असायचं, त्याच्या खिळ्यांची भोकं तेवढी उरली होती. अहवालातून काढलेल्या पानाबद्दल मी त्यांना सगळं सांगितलं. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "त्या संध्याकाळी तुला माहीत होतं?"

"हो."

ते म्हणाले, "अधिकारी येतात, बोलतात, जातात. त्यांचं मला काही वाटत नाही. तू माझ्या घरात जेवत होतीस." आवाज चढला नव्हता. नेहमीसारखं मला बसपर्यंत सोडायला आले, बस येईपर्यंत शेजारी उभे राहिले, आणि बस हलल्यावर हात न करता वळले. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

कार्ड आल्यावर पुढच्या शनिवारी मी तिकडे गेले. त्यांच्या मुलीने मला देवघरासमोर बसवलं. त्यांच्या फोटोपुढे मी उदबत्ती लावली. तिने माझं तसं सगळं नीट केलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. निघताना मी विचारलं, "कुदो-सान अजून वरच राहतात?" ती म्हणाली, "राहतात. तुमचं नाव यात आहे हे त्यांना ठाऊक नाही. बाबांनी मला सोडून कोणालाच सांगितलं नाही."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, माझ्याकडून कळलेलं त्यांनी गावात सांगितलं असेल, स्वतःवरचा ठपका थोडा उतरवला असेल. मी वर चढून गेले. कुदो-सानचं वय आता ऐंशीच्या पुढे. तिने मला ओळखलं नाही. मी ओनोदेरा-सानकडे राहिलेली, बर्फ मोजणारी मुलगी, असं सांगितल्यावर आत घेतलं. तिच्या स्वयंपाकघरात बसून मी तिला सगळं सांगितलं, जे त्यांना सांगितलं होतं ते. ती ऐकत होती आणि हातातला मुळा सोलत होती. मधेच तिचा हात थांबला.

"सहा वर्षं मी त्याला म्हणत आले, तू मला फसवलंस," ती म्हणाली. "तो नुसता 'हो' म्हणायचा. दर हिवाळ्यात येऊन माझ्या छपरावरचा बर्फ उतरवायचा. पहिली दोन वर्षं मी दारसुद्धा उघडलं नाही, आतूनच म्हणायची. काम करायचा आणि जायचा."

"त्यांनी फसवलं नव्हतं," मी म्हटलं.

"ते आता सांगतेस." ती पुन्हा मुळा सोलायला लागली. तो सोलून झाल्यावर म्हणाली, "चहा घेऊन जा. इतक्या लांबून आलीस." माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी तसं विचारायला गेले नव्हते.

निघताना दाराशी वाकून बूट घालत होते तेव्हा कोपऱ्यात लांब रबरी बुटांची एक जोडी दिसली. पुरुषाची, लहान मापाची, टाचेला ठिगळ लावलेली. ती म्हणाली, तिसऱ्या वर्षी तिने ओनोदेरा-सानना छपरावर चढायचे बूट आतच ठेवायला सांगितलं होतं, तेव्हापासून ते तिथेच असायचे. आतून ओले होतात म्हणून ती त्यांत वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवायची. मी बघत होते. बोळे ताजे दिसत होते, वरच्या कागदावर त्याच आठवड्याचं हवामान छापलेलं होतं. ती मागे उभी होती. म्हणाली, "आता ओले होत नाहीत. तरी बदलते."