समजदार कंचन

“प्लास्टर फोडून बघू,” आमचे मोठे डॉक्टर म्हणाले. “ताप उतरत नाही म्हणजे आत क्षय चिघळलाय.”

निजामाविरुद्धच्या पोलिस अ‍ॅक्शननंतरची ती वर्षं. नवीन जालन्यातल्या एका दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली डॉक्टर होते. कंचन ही परतूरच्या भुसार व्यापाऱ्याची नऊ वर्षांची मुलगी. तिच्या खुब्याला क्षय झाला होता. सांधा हलू नये म्हणून कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर. ते मध्येच फोडलं तर जमत आलेला सांधा बिघडून पोर कायमची अधू होण्याची भीती.

“आधी लघवी तपासते,” मी म्हणाले.

“खुब्याचा आणि लघवीचा काय संबंध?”

“नसला तर फोडा.”

चमचाभर लघवी मिळाली, कोऱ्या चहासारखी. मायक्रोस्कोपखाली नुसता पू. मूत्रमार्गात जंतू शिरले होते, ताप त्याचा. त्यावर औषध सल्फाचं. पण सल्फा घेताना भरपूर पाणी प्यावं लागतं, नाहीतर त्याचेच खडे मूत्रपिंडात अडकतात.

“ही पाणी किती पिते?” मी तिच्या दादीला विचारलं. दादी म्हणजे तिची आजी.

दादीचा चेहरा फुलला. “दिवसा घोट-दोन घोट. सूर्य बुडाला की बिलकुल न्हाई. आमच्या जैनांत चौविहार म्हणतात त्याला. एवढी बीमार, तरी आपल्या मनानं करून राह्यली. लई समजदार पोरगी हाय.”

चौविहार रात्रीचा. मग दिवसाही घोटच का? तिची आई कपडे धुवायला गेली होती. मी कॉटवर बसले.

“कंचन, लघवीला जळजळ होते?”

“होते. म्हणून धरून ठिवते.”

“आणि पाणी का पीत नाहीस?”

ती दादीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “पाणी पिलं की बेडपॅन लागतो. मंग आईला मला उचलावं लागतं. तिच्या पोटात बाळ हाय.”

मला राग आला, पण कुणावर काढणार?

दादी उठली, तांब्या भरून आणला. “चौविहार माझा मी करते. तू रातच्यालाबी पी.”

“आणि उचलणार कोण?” मी विचारलं.

“मी हाय. धाकट्या सुनेलाबी बोलावून घेते.”

मी मोठ्या डॉक्टरांना म्हणाले, “प्लास्टर राहू द्या.”

“मग औषध काय देणार?”

“सल्फा. आणि धाकटी काकू.”

ताप उतरला. प्लास्टर ठरल्या वेळीच निघालं. जाताना कंचन जरा लंगडत होती, पण स्वतःच्या पायांनी गेली.

आजारी लेकराला कुणी फार समजदार म्हणालं, की मी आधी त्याची लघवी मागवते.