खालचा उतार

त्यांना सगळे फीतवाल्या मावशी म्हणत. पोलादी फितीला खडू फासायचा, ती विहिरीत सोडायची, वर ओढून खडू कुठवर भिजला ते बघायचं आणि आकडा वहीत टाकायचा. विहिरींची पाणीपातळी मोजणाऱ्या सरकारी कचेरीत चोवीस वर्षं हेच काम. आकड्याच्या बाबतीत बाई कुणाच्या बापाला भ्यायच्या नाहीत.

टेकाडामागे कारखान्याचं सांडपाणी मुरवायला खड्डा खणला. कचेरीतले नवे साहेब म्हणाले, जमीन ओढ्याकडे उतरते, घाणही तिकडेच जाईल, वस्तीला धोका नाही, असं लिहिलंय, या कागदावर सही करा. मावशींची वही नेमकं उलटं सांगत होती. ओढ्याकाठच्या विहिरींपेक्षा वस्तीतल्या विहिरींची पाणीपातळी कितीतरी खाली होती, म्हणजे जमिनीखालचा उतार वस्तीकडे होता. त्याच वस्तीत मावशींचं घर होतं आणि तिथल्याच विहिरीचं पाणी नातवंडं पीत होती.

"साहेब, पाणी वरच्या जमिनीला विचारून चालत नाही," मावशी म्हणाल्या. "खाली जिकडे उतार, तिकडे ते जाणार. भेगांतून, हळूहळू, पण जाणारच."

सही नसेल तर उद्यापासून फीत दुसऱ्याच्या हातात, असं साहेबांनी सुनावलं. घरी मुलगा म्हणाला, आई, कशाला वाकड्यात शिरतेस? मावशी कडाडल्या, शिरायचं ते तुझ्या हंड्यात शिरेल, तेव्हा कळेल.

खड्ड्याची चाचणी अजून साध्या पाण्यावर चालू होती. मावशींनी कचेरीच्या कपाटातला, पाण्याचा माग काढायचा हिरवा रंग उचलला आणि भर दुपारी, राखणदाराच्या देखत खड्ड्यात ओतला. कुणाला अपाय न करणारा, पण चिमूटभरात हौद रंगवणारा. सही केली नाही म्हणून दुसऱ्याच दिवशी फीत गेली. आठवडा गेला, दोन गेले. रंग वाटेत चहाला थांबला काय, असं शेजारी विचारू लागले. मावशी रोज विहिरीत डोकावायच्या आणि दिवस मोजायच्या.

एकोणिसाव्या दिवशी सुनेनं बादली ओढली ती हिरवीगार. अख्खी वस्ती मावशींवर तुटून पडली, आमचं पाणी नासवलंत म्हणून. आपलं खरं ठरलं याचा आनंद मावशींना झालाच नाही. तेवढ्यात साहेब धावत आले.

"रंग कुणी टाकला?"

"मी. आणि दिवसही लिहून घ्या, एकोणीस. घाणीलाही तेवढेच लागले असते."

बादलीभोवतीची माणसं साहेबांकडे वळली. मावशींनी पदराच्या गाठीतून तो बिनसहीचा कागद सोडला आणि साहेबांसमोर बादलीच्या काठावर ठेवला.

"वस्तीला धोका नाही ना? मग करा तुम्हीच सही."